दोन किल्ल्यांची तिजोरी

एका बाजाराच्या गावात एक पतपेढी होती. तिच्या तिजोरीला दोन कुलपं. एकाची किल्ली विश्वंभरअण्णाच्या कमरेला, दुसऱ्याची दगडूतात्याच्या. दोघं पेढीचे सगळ्यात जुने संचालक. दर सोमवारी दोघांनी मिळून तिजोरी उघडायची आणि आठवड्याची रोकड बाहेर काढायची. एकट्याला चोरी करता येऊ नये म्हणून ही पद्धत पाडलेली. वय झालं की अक्कल येते, असं त्या गावात मानत. मानणारे बहुतेक वयस्करच होते.

पेढीचा अध्यक्ष वारला, आणि त्या जागेसाठी अण्णा आणि तात्या दोघंही उभे राहिले. मतदान रविवारी होतं. त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, पेढीचं मोठं कर्ज घेतलेला एक कापडवाला दुकान बंद करून पसार झाला. पेढी बुडाली, अशी आवई उठली. दहाच्या आत दारात चाळीसेक माणसं.

त्यांत सगुणा होती. ती बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणायची. वर्षाचा बांबू वनखात्याच्या लिलावात मिळे आणि लिलाव बुधवारी होता. बांबू हुकला की घरातल्या पाच जणांना वर्षभर काम नाही. त्यासाठी साठवलेले तिचे अठरा हजार पेढीत होते. रांगेत ती सातवी. सहाव्या माणसापाशी रोखपालाचा गल्ला संपला.

"आत बारा लाख आहेत," रोखपाल हळूच म्हणाला. "नोटांच्या थप्प्या नुसत्या टेबलावर मांडल्या तरी निम्मी रांग चहा प्यायला निघून जाईल. दोघांनाही निरोप धाडलाय. एकही येईना."

"मी आणते," सगुणा म्हणाली.

अण्णा पेढीसमोरच सापडला. त्याने प्रचार थांबवल्याचं जाहीर केलं होतं आणि मांडव घालून तो उपोषणाला बसला होता. पेढी वाचवण्यासाठी. पेढीची पायरी तिथून वीस पावलांवर होती.

"अण्णा, उठा. किल्ली लावा."

"तात्याला आधी येऊ दे, पोरी. मी जाऊन ताटकळायचं आणि त्याने मागून ऐटीत यायचं, म्हणजे लोक म्हणणार तात्याने तिजोरी उघडली."

"मग किल्ली माझ्याकडे द्या."

"जबाबदारीची वस्तू आहे ती. तुला नाही कळायचं."

तेवढ्यात रांगेतली दोन माणसं येऊन अण्णाच्या पाया पडून गेली.

तात्या जीपला भोंगा लावून गावभर फिरत होता. पेढीचा पाया पक्का आहे, कुणी घाबरू नका, असं ओरडत. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तेही भोंगा ऐकून पासबुक शोधायला लागले. सगुणाने जीप अडवली.

"तात्या, पायाचं राहू द्या. किल्ली घेऊन चला."

"तिथे अण्णा मांडव घालून बसलाय. मी गेलो की त्याचा पाहुणा झालो."

"मागच्या दाराने या."

"मी काय चोर आहे? अगं, तुझ्यापेक्षा चाळीस पावसाळे जास्त पाहिलेत मी. अशा वेळी घाई करायची नसते."

"त्या चाळीसातला एकही कामाला येईना, तात्या. लिलाव उद्या आहे."

ड्रायव्हर हसला. तात्याने त्याच्याकडे बघितलं आणि जीप पुढे गेली.

संध्याकाळपर्यंत सगुणाने अशा पाच खेपा घातल्या. बुधवारी रांग बसस्टँडपर्यंत पोचली. शेजारच्या गावांतून टेम्पो भरून माणसं आली. दुपारी लिलाव संपला. उधारीवर बांबू मिळतो का बघायला सगुणाचा नवरा गेला होता, तो हात हलवत परत आला.

गुरुवारी तोडगा निघाला. दोघांनी एकाच वेळी, दोन वेगवेगळ्या दारांनी यायचं आणि फोटोत दोघांचे चेहरे सारखे मोठे दिसले पाहिजेत. एवढं ठरवायला गावातल्या पाच शहाण्या म्हाताऱ्यांना अख्खा बुधवार लागला होता. तिजोरी उघडली. आत खरोखरच बारा लाख होते. मंगळवारी ते उरले असते. गुरुवारी ते दोन तासांत संपले. रोखपालाने मंगळवारचे नंबर पाळले म्हणून सगुणाला तिचे अठरा हजार मिळाले. मागची सहाशे माणसं तशीच घरी गेली.

शनिवारी अण्णा हात जोडत दारोदार फिरला.

"काय सगुणे, मिळाले ना पैसे? उघडली ना तिजोरी मी?"

"मिळाले, अण्णा." तिने नोटा त्याच्यापुढे धरल्या. "आता यांच्या टोपल्या कशा विणायच्या, तेवढं सांगा."

अण्णाला ते लागलं नाही. त्याने शेजारच्या घराकडे बघून हात जोडले.

रविवारी अण्णा तीस मतांनी निवडून आला. या वयात उपोषण केलं बिचाऱ्याने, असं लोक म्हणाले. पुढच्या आठवड्यात सहकार खात्याचा माणूस कागद घेऊन आला. अध्यक्ष म्हणून अण्णाने एकच सही केली, पेढी बंद झाल्याच्या नोटिशीवर. ती नोटीस वाचायला जी गर्दी जमली, तिच्यात त्याला मत दिलेलेच जास्त होते.

तात्पर्य: आग विझवण्याआधी श्रेयाची वाटणी मागणाऱ्याच्या हाती घागर देऊ नये, मग तो वयाने कितीही मोठा असो. आणि दिलीच, तर घर जळाल्यावर त्याच्या नावाने बोटं मोडू नयेत.