उघड्या दाराचा पेटारा

फार पूर्वी, एका रुंद खाडीच्या मधोमध असलेल्या बेटावर एक बुरूड राहत होता. बेटावर घरं चौदा आणि माणूस एक. हे काही कोडं नाही. विहिरींचं पाणी मचूळ झालं, तशी एकेक करून सगळी माणसं पलीकडच्या काठाला राहायला गेली. बुरुडाचा मुलगा आणि सूनही गेली. बुरूड आणि त्याची बायको तेवढी मागे राहिली, कारण डोंगरातला एक झरा दोघांना पुरत होता आणि सुपं-टोपल्यांचे बांबू परसातच उगवत होते. मग एका हिवाळ्यात बायकोही देवाघरी गेली. उरला बुरूड, आणि उरली त्याची कुत्री.

कुत्रीच्या डोळ्यांभोवती काळ्या कडा होत्या, म्हणून बुरूड तिला काजळी म्हणायचा. दिवसभर तो बोलायचा तो तिच्याशीच. "काजळे, आज मीठ जास्त पडलं गं," असं म्हणायचा, आणि ती शेपटी हलवायची. घरात दुसरं कुणी बोलणारं नसलं की तेवढं उत्तरसुद्धा पुरतं.

बेटाच्या भोवती चिखल फार. होडी धक्क्याला लागायची ती फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला. दर पंधरा दिवसांनी नावाडी यायचा, बुरुडाच्या टोपल्या न्यायचा, तांदूळ-मीठ द्यायचा. चैत्रातल्या पौर्णिमेला त्यानं मुलाचा निरोप आणला.

"तुझा मुलगा म्हणतो, झरा आटत चाललाय, तुला खोकला सुटत नाही. पावसाळ्याआधी निघून ये. आणि माझं म्हणशील, तर मी वैशाखातल्या अमावास्येपर्यंत येईन. मग होडी वर ओढली, की नारळी पौर्णिमेलाच पाण्यात."

बुरुडानं काजळीकडे पाहिलं. "ही?"

"आण की. पण चार पायांचं जनावर माझ्या होडीत मोकळं बसणार नाही, हे तुला ठाऊक आहे." ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मागे एकदा भर खाडीत एका बकरीनं उडी मारली होती, तिला धरायला चौघं एकाच बाजूला धावले होते, आणि होडी उलटली होती. माणसं वाचली ती नशिबानं.

"एवढंच ना? पेटारा विणायला मला चार दिवस लागतील," बुरूड म्हणाला.

आणि चारच दिवसांत त्यानं असा पेटारा विणला की बघत राहावं. आत कुत्रीला उभं राहता येईल, गिरकी घेता येईल, वारा खेळेल. पुढे झुलतं दार, त्याला बांबूची आगळ. कामाच्या बाबतीत बुरुडाचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पेटारा तयार झाला म्हणजे कुत्रीही तयार झाली, असं त्या शहाण्याला वाटलं.

त्याचं काय झालं, की बुरुडानं जन्मभर कोंबड्यांसाठी डालगी विणली होती. कोंबडीवर डालगं पालथं घातलं की तिला काळोख होतो आणि ती गुपचूप बसते. त्यात शिकवायचं काही नसतं. अमावास्येला होडी आली तेव्हा बुरुडानं काजळीच्या बाबतीत तेच केलं. तिला मानेला धरलं, आत लोटलं, आगळ लावली, वरून गोणपाट टाकलं.

काजळी काही कोंबडी नव्हती. होडी धक्क्यापासून दहा हात गेली असेल नसेल, आतून असा आक्रोश सुरू झाला की नावाड्याच्या अंगावर काटा आला. ती पेटाऱ्याच्या या बाजूवर आदळली, त्या बाजूवर आदळली. होडी डुलू लागली. नावाड्यानं वल्हं उलटं मारलं आणि होडी परत धक्क्याला लावली.

"तिला ठेव आणि तू चल, दादा," तो हळूच म्हणाला. "कुत्री काय, कुठंही मिळते."

बुरूड म्हणाला, "सगळे गेले तेव्हा ही राहिली होती."

त्यानं आगळ काढली. काजळी बाणासारखी सुटली आणि डोंगराकडे पळाली. तिच्या नाकाला खरचटलं होतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. बुरूड सकाळ-संध्याकाळ हाका मारत चौदा घरांमधून फिरायचा. हाक बंद दारांवर आपटून परत यायची. बायको गेली तेव्हाही घर रिकामं झालं होतं, पण तेव्हा पायाशी कुणीतरी बसलेलं होतं. आता भात शिजवला तरी मीठ जास्त झालं का कमी, हे कुणाला सांगणार? माणूस एकटा असतो म्हणजे काय, हे बुरुडाला त्या तीन दिवसांत कळलं. आणि हे एकटेपण आपणच ओढवून घेतलंय, हेही कळलं. त्याचा जास्त त्रास झाला.

चौथ्या दिवशी मन रमवायला तो सूप विणायला बसला. डोक्यात राग होता, स्वतःवरचाच. बांबूच्या कामट्या पाण्यात भिजवायचं राहून गेलं होतं. त्यानं कोरडीच कामटी वाकवली. ती काडकन मोडली आणि तिची धार बोटात घुसली.

रक्त पुसता पुसता तो थांबला. न भिजवता वाकवलेली कामटी मोडते, हे त्याला वयाच्या सातव्या वर्षी आज्यानं शिकवलं होतं. वडील म्हणायचे, घाईच्या बुरुडाचं सूप चुलीत. सत्तर वर्षांचा होईतो त्यानं कधी एक कामटी घाईनं वाकवली नव्हती. आणि जिच्यावाचून त्याचा घास गिळला जात नव्हता, तिला मात्र मानेला धरून कोंबलं होतं.

संध्याकाळी काजळी आली. पण अंगणाच्या कडेला बसली, जवळ येईना.

बुरुडानं हाक मारली नाही. पेटारा पडवीत ठेवला आणि त्याचं दार चक्क काढून टाकलं. आत बायकोचं जुनं लुगडं घडी करून अंथरलं. दाराच्या तोंडाशी सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला आणि स्वतः पाठ फिरवून विणत बसला. मागे बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ते फार कठीण गेलं.

बऱ्याच वेळानं मागे खुडबुड झाली. मान लांब करून तुकडा उचलला गेला आणि पावलं पळाली. दुसऱ्या दिवशी तुकडा वीतभर आत होता. तिसऱ्या दिवशी हातभर. पाचव्या दिवशी चारही पाय आत गेले, आणि मग एका दुपारी बुरुडानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर काजळी लुगड्यावर नाक टेकून झोपलेली. कुणी सांगितलं नव्हतं, काही ठेवलेलंही नव्हतं.  त्यानं डोळे पुसले आणि पुढची वीण घातली.

मग त्यानं दार परत बसवलं, पण उघडंच ठेवलं. पुढे एके दिवशी ते क्षणभर लोटलं आणि लगेच उघडलं. एवढ्यात पौर्णिमा आली आणि नावाडीही आला.

पडवीत येऊन बघतो तर काजळी पेटाऱ्यात आरामात पसरलेली. तो म्हणाला, "अरे, मग झालं की काम. लाव आगळ आणि चल."

बुरुडाचा हात आगळीवर गेला. तोंडाशी आलेला घास होता. आगळ सरकवायचा अवकाश, संध्याकाळी तो मुलाच्या घरी जेवायला बसला असता. काजळीनं मान वर करून त्याच्या हाताकडे पाहिलं. शेपटी हलायची थांबली.

बुरुडानं हात मागे घेतला.

"अजून नाही, नावाड्या. अजून भिजली नाही."

"कोण भिजली नाही?" नावाड्याला काही कळेना. "हे बघ, पुढच्या अमावास्येचा मी शब्द देत नाही. वारा फिरला तर मी होडी काढणार नाही. मग नारळी पौर्णिमेपर्यंत तू इथं. खोकला, एकटा, आणि हा झरा. विचार कर."

"केलाय."

नावाडी डोकं हलवत परत गेला.

पुढचे पंधरा दिवस बुरुडानं जन्मात कुठल्या सुपावर घेतली नसेल तेवढी मेहनत घेतली. दार लोटायचं आणि एक कामटी सोलून होईपर्यंत थांबायचं. मग दोन कामट्या. मग सुपाचा काठ बांधून होईपर्यंत. काजळी कुंईकुंई करू लागली की तो समजायचा, आज आपलीच घाई झाली. दुसऱ्या दिवशी वेळ कमी. शेवटी शेवटी तो आगळ लावून झऱ्यावर जाऊन पाणी आणायचा, आणि परत येईतो ती तशीच डोळे मिटून पडलेली असायची. दार लागलं की ते पुन्हा उघडतं, हे तिला पटलं होतं.

अमावास्येच्या सकाळी वारा सुटला. बुरूड पेटारा आणि काजळीला घेऊन धक्क्यावर बसला. भरती चढत गेली, पार शेवटच्या पायरीला लागली. होडी दिसेना. चौदा घरांना कुलपं होती, त्याच्या स्वतःच्याही घराला. आता परत जायचं तर त्या घरात, असा विचार मनात आला आणि त्याला आपल्याच घराची भीती वाटली.

पाणी ओसरायच्या बेताला आलं तेव्हा होडी आली.

"लवकर," नावाडी ओरडला. "चिखल उघडा पडेल."

काजळीनं पाण्याचा वास घेतला. होडी पाहिली. दोन पावलं मागे सरकली. तिला सगळं आठवलं होतं. नावाडी पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात बुरुडानं पेटाऱ्याचं दार उघडलं आणि पेटाऱ्याकडे पाठ करून बसला. नावाड्यानंही वल्हं आडवं ठेवलं. लाटांनी होडी धक्क्यावर आपटत होती.

काजळीनं तीन गिरक्या घेतल्या, त्या पेटाऱ्याच्या आत जाऊन. मग ती लुगड्यावर बसली. बुरुडानं आगळ लावली आणि दोघांनी पेटारा उचलून होडीत ठेवला.

भर खाडीत लाटा उसळल्या तेव्हा ती एकदाच कण्हली. बुरुडानं फटीतून दोन बोटं आत घातली, तिनं ती चाटली. बेटावरची छपरं एकेक करून दिसेनाशी झाली. बुरूड रडला. नावाडी भला माणूस, तो समोर बघून वल्हवत राहिला.

आता कुणाला वाटेल, गोष्ट संपली. पण एकजण अजून पेटाऱ्याबाहेरच होता.

मुलाचं घर माणसांनी भरलेलं होतं. शेजारीपाजारी, व्याही, सगळे भेटायला आले. "आत या, आबा." "इथं बसा." "हे खा, ते खा." इतक्या जणांचं बोलणं बुरुडानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.  तो पडवीत पेटाऱ्याला टेकून बसला, तो उठेचना. गंमत बघा, काजळी आपलं घर बरोबर घेऊन आली होती आणि त्यात निवांत घोरत होती. म्हाताऱ्याला मात्र एवढ्या गोतावळ्यात बेटापेक्षा जास्त एकटं वाटत होतं.

दोन दिवस झाले तसा मुलगा वैतागला. "आबा, लोक काय म्हणतील? बापाला बाहेर बसवलंय म्हणतील. चला आत." आणि त्यानं म्हाताऱ्याचा दंड धरला. बुरूड असा दचकला की मुलाचा हात आपोआप सुटला.

सून हे बघत होती. नवरा कामाला गेल्यावर ती पडवीत येऊन तांदूळ निवडत बसली. "मामंजी, काजळीला पेटाऱ्यात बसायला शिकवलंत तरी कसं?"

कुत्रीबद्दल विचारलं तसा म्हातारा बोलू लागला. डालग्यापासून बांगड्यापर्यंत सगळं सांगितलं. सुनेनं ऐकून घेतलं, सूप उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी बुरुडाचं ताट पडवीतच होतं, पण दाराच्या जवळ. सून पलीकडे पाठ करून नारळ खवत होती. त्याच्या पुढच्या दिवशी ताट उंबऱ्याला लागून. मग उंबऱ्याच्या आत. कुणी "या" म्हणत नव्हतं, कुणी दंड धरत नव्हतं. सहाव्या दिवशी ताट माजघराच्या मधोमध होतं. बुरूड उंबऱ्यावर उभा राहिला. ताटाकडे पाहिलं, मग सुनेच्या पाठीकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी हसला.

"सूनबाई, रोज हातभर, नाही का?"

सुनेनं मागे वळून पाहिलं नाही. "दार उघडंच आहे, मामंजी. कधीही बाहेर जाता येतं."

बुरूड आत जाऊन जेवायला बसला. पहिला घास घेतला. मग म्हणाला, "मीठ बेतानं पडलंय गं."

"हो?" सून म्हणाली. "मला वाटलं, कमी झालं."

बाहेर पेटाऱ्यात काजळीनं एक डोळा उघडला, दोघांचा आवाज ऐकला आणि पुन्हा मिटला.

तात्पर्य: धरून कोंबलं तर सोन्याचं घरही पिंजरा होतं. दार उघडं ठेवून, पाठ फिरवून, धीर धरून बसलं, तर भ्यालेला जीव आपल्या पायांनी आत येतो. मग तो कुत्र्याचा असो की माणसाचा.