तात्यांच्या राजाचा हुकूम

किल्ल्याच्या नकाशावर सोंगट्या मांडून सगळं घर भोवती बसलं होतं. पाळीपाळीने गोष्ट पुढे न्यायची आणि मिळून किल्ला वाचवायचा, असा खेळ. बोललेलं मागे घ्यायचं नाही, हा नियम राजा झालेल्या तात्यांचाच. सून शर्वरीने दोनदा काही सुचवलं, तसे निवृत्त मुख्याध्यापक तात्या चिडले.

"राजाने हुकूम सोडला, मी विचारल्याशिवाय किल्ल्यात कोणी तोंड उघडायचं नाही. आणि राजा झोपायला गेला."

पाळी शर्वरीची होती.

"पहारेकऱ्याला तटावर चढणारा शत्रू दिसला," ती शांतपणे म्हणाली. "त्याने हुकूम पाळला."

तात्या ताडकन पुढे सरकले. "अरे, ओरड की मग."

शर्वरीने राजाची सोंगटी आडवी केली. "विचारणारा झोपलाय, तात्या."