रंगराव अण्णांचा गिअर

माजी सभापती रंगराव अण्णा शोरूममध्ये शिरले, ते चार कार्यकर्ते आणि वीस वर्षांपासूनचा ड्रायव्हर इलाही यांना घेऊनच. दोनशे हॉर्सपॉवरची काळी सेडान त्यांच्या मनात भरली. गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक, एवढंच ठरायचं होतं.

"ऑटोमॅटिकचा पिकअपही तेवढाच आहे, अण्णा," शोरूममधली सेल्सगर्ल केतकी म्हणाली. "शिवाय ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय भरून येत नाही." तिला नोकरीला लागून तीन महिने झाले होते आणि अजून तिच्या हातून एकही गाडी विकली गेली नव्हती.

अण्णा मिशीत हसले. "पोरी, ऑटोमॅटिक बायकांनी चालवावी. गडीमाणसाच्या हाताला गिअर लागतो. तुला त्यातलं काय कळणार? जा, एखादा पोरगा पाठव."

कार्यकर्ते खो-खो हसले. केतकीचे कान तापले, पण तिने शांतपणे गिअरच्या गाडीची चावी पुढे केली. "पाठवते. तोवर तुम्ही एक चक्कर मारून या."

अण्णांनी चावी सवयीने इलाहीच्या हातात टाकली, मागचं डावं दार उघडलं आणि ऐटीत आत जाऊन बसले. इलाही स्टिअरिंगवर बसला.

केतकी अण्णांच्या खिडकीशी वाकली. "अण्णा, या सीटवर बसणाऱ्याला प्रत्येक गाडी ऑटोमॅटिकच असते. गिअर हवा की नको, ते इलाहीभाईंनाच विचारू या का?"

कार्यकर्ते एकदम आपापल्या चपला न्याहाळू लागले. वीस वर्षांत इलाहीचं मत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. त्याने आरशातून अण्णांकडे पाहिलं, डावा गुडघा चोळला आणि म्हणाला,

"ताई, बायकांचीच द्या."