गोऱ्ह्यांची पेंड

शेवगिरी संस्थानच्या रंगरावराजांना आपल्या खिलार गोऱ्ह्यांचा, वाढत्या अंगाच्या त्या तरण्या बैलांचा, मोठा अभिमान. पण एका हिवाळ्यात त्यांनी अचानक हुकूम सोडला, "गवताच्या एवढ्या गंजी रचल्यात, मग वर शेंगदाण्याची पेंड कशाला? पेंड बंद! गवत घाला पोटभर."

गोठ्याचा कारभारी सिदोबा हजारे काही सांगू पाहत होता, पण ऐकतो कोण!

संक्रांतीला राजे आत्यासाहेब, छोटे युवराज आणि दाई यांच्यासह गोठ्यात आले आणि जागीच थबकले. गोऱ्ह्यांच्या फासळ्या वर आल्या होत्या, अंगावरची तकाकी गेली होती.

"गवत चोरून विकतोस?" राजे कडाडले. "उद्या संस्थान सोडायचं!"

सिदोबानं हात जोडले. "महाराज, पोटं भरलेली आहेत. हात लावून बघा."

"मग वाढत का नाहीत?"

तेवढ्यात कडेवरच्या युवराजांना सावरत आत्यासाहेब दाईला म्हणाल्या, "आजपासून बाळराजांचं दूध आणि वरण बंद. नुसता भात घाला, पोटभर."

सिदोबा दचकला. राजांच्या तोंडावर असं बोलायचं?

राजे लालबुंद झाले. "आत्यासाहेब, वेड लागलं का? वाढत्या अंगाचं लेकरू ते! भातानं पोट भरेल, पण अंगात काय भरणार?"

"मग सिदोबाला कशाला दरडावता?" आत्यासाहेब शांतपणे म्हणाल्या. "उत्तर तर तुम्हीच दिलंत."

राजांनी जवळच्या गोऱ्ह्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "सिदोबा, पेंडीची कोठी उघड."