ठकूबाईची खिंड

ह्या चौथऱ्यावर देव नाही बरं का. फोटो खुशाल काढा, पण नवस बोलू नका. इथं पावणारं कुणी नाही. इथं ठकूबाई बसायची. सात वाड्यांच्या वाटा ह्याच खिंडीत मिळतात, म्हणून.

सांगतात, फार मागं आमच्या गावात सटवाजी नावाचा वहाणा शिवणारा होता. त्याच्या हाताला तोड नव्हती म्हणे. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याला पोरगी झाली, ती ही ठकू. तिची दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडं तोंड करून. गावानं लगेच आईला धरलं: हौसानं ग्रहणात विळी हातात घेतली असणार. ती बिचारी त्या बोलण्यानंच खंगून गेली. सटवाजीनं मात्र पोर उभी राहू लागताच तिच्या वाकड्या पावलांबरहुकूम वहाणा शिवल्या. कातडं भिजवायचं, हातानं वळवायचं, दरवर्षी नवा जोड. ठकू पावलांच्या कडेवर चालायची, घट्टे पडायचे, ठणकायचे. बापाला एका शब्दानं बोलायची नाही.

ती नऊ वर्षांची असताना घाटावरची एक म्हातारी सुईण तुटकी वहाण घेऊन आली. पोरीचे पाय मांडीवर घेऊन तिनं हलवून पाहिले.

"तान्ही होती तेव्हा कुणाला दाखवली नाहीस?"

"दाखवून काय करणार? ग्रहणाचं होतं ते."

"कसलं ग्रहण, लेकरा! तान्ह्याचं पाऊल ओल्या कातड्यासारखं असतं. रोज थोडं थोडं वळवून बांधलं असतंस, तर पोर पळाली असती. आता ते वाळलं."

सटवाजीपुढं कुंडात कातडं भिजत होतं. जन्मभर तेच केलेला माणूस, पण पाऊल वळवायचं त्याला सुचलं नव्हतं. वाईट ह्याचंच वाटतं, की माया कमी पडली नव्हती. आठ दिवस त्यानं आरीला हात लावला नाही. शेवटी ठकूच म्हणाली, "बा, वहाणा शीव. मला चालायचं आहे."

ती सुईणीकडं राहून शिकली आणि परत येऊन ह्या खिंडीत बसू लागली. कुठल्याही वाडीत मूल जन्मलं, की लंगडत जाऊन आधी पावलं बघायची, वाकडी असली तर रोज थोडं थोडं वळवून बांधायची.

आजही आमच्याकडं पाय पाहिल्याशिवाय बारसं होत नाही. माझ्या नातीचा पाय असाच निघाला. आठव्या दिवशी तालुक्याला नेली, सहा प्लास्टरं झाली, मग रात्री घालून निजायचे बूट झाले. आता ती पळते, मला सापडत नाही.

ठकूबाईला पळताना कुणीच पाहिलं नाही.