पाणी कुठं असतं

“मग उद्यापासून वर्ग माझ्याकडे देणार ना, ताई?”

शाल्मलीने विचारलं ते हक्कानंच. विशेष शिक्षणाची पदविका पहिल्या क्रमांकाने मिळवून ती या बालवाडीत आली, त्याला चार महिने झाले होते. जन्मापासून दृष्टी नसलेली अकरा मुलं इथे शिकत. अशा मुलांमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या दुर्गाताई ओसरीवर, पाण्याच्या रांजणाला टेकून बसल्या होत्या.

“रेणूचंच बघा. आली तेव्हा नुसती रडायची. आता शंभरपर्यंत आकडे म्हणते, बारा गाणी म्हणते, ब्रेलची सहा अक्षरं ओळखते. कशाला म्हणून कमी पडू दिलं नाही मी तिला. तोंडातून शब्द निघायचा अवकाश, वस्तू तिच्या हातात.”



पाचेक पावलांवर, सतरंजीवर, चार वर्षांची रेणू मणी ओवत बसली होती. ताईंनी तिला हाक मारली.

“रेणू, पाणी कुठं असतं गं?”

“बाईंच्या हातात.”

शाल्मलीला हसू आलं.

“आणि बाईंच्या हातात कुठून येतं?”

पोर विचारात पडली. असलं काही तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

“येत नाही, आजी. असतंच.”

“आणि घरी?”

“घरी आईच्या हातात.”

“बाई नसल्या, आईही नसली, तर?”

“मग पाणी नसतं,” रेणू म्हणाली. अगदी सहज.

शाल्मलीचं हसू ओठांवरच विरलं.

पाण्याचं नाव निघालं तशी रेणूला तहान लागली. “बाई, पाणी...”

शाल्मली सवयीनं उठायला गेली. ताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

रेणूने हात पुढे केला. तळहात वर. तो हात तसाच हवेत राहिला. डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही, कुठे चाचपडला नाही. पोर हूं की चूं न करता वाट बघत राहिली...

‘किती शहाणं लेकरू, कशाला हात लावत नाही,’ असं चार महिने शाल्मली कौतुकानं सगळ्यांना सांगत आली होती.

“ताई, सोडा ना. तहान लागलीय तिला.”

ताईंनी मोकळ्या हाताने रांजणाचं झाकण बाजूला केलं आणि त्याच्या पोटावर थाप मारली. एकदा. पुन्हा एकदा.

रेणूने मान वळवली. “बाई, हात?”

कुणी हात दिला नाही.

बराच वेळ गेला. मग ती बसल्या बसल्याच थापेच्या रोखाने सरकू लागली. मध्येच थांबली, रडवेली झाली, पुन्हा सरकली. तिचं कपाळ रांजणावर आपटलं तेव्हा किंचाळली ती शाल्मली. रेणू नाही.

रेणूने ते ओलं, गार पोट चाचपलं. काठ सापडला. काठाला धरून उभी राहिली आणि हात आत घातला. हात कोपरापर्यंत बुडाला.

तिने तो झटकन बाहेर काढला. तोंडाचा आ तसाच. श्वास घ्यायलाही विसरली.

पुन्हा घातला.

“आजी... हे किती आहे! संपतच नाही! बाई, बाई, तुम्हाला हे माहीत होतं?”

शाल्मली बोलायला गेली तर जीभ टाळूला चिकटलेली. कसेबसे शब्द फुटले.

“ताई... काय करून बसले हो मी? आता... आता काय करू?”

ताईंनी तिचं मनगट सोडलं. कडेचा पेला उचलून रेणूच्या ओल्या हातात दिला.

“घसा सुकलाय तुझा,” त्या म्हणाल्या. “माग तिच्याकडे पाणी.”