पहिल्या घासाचा कडा

हेदवण्याचा धबधबा पाहायला सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रीघ लागते. कड्याच्या माथ्यावरून पाणी एकसंध निघते, पण निम्म्यावर येताच त्याच्या दोन धारा होतात आणि मधली कपार कोरडी राहते. पावसाळ्यात कितीही लोंढा आला तरी ती झाकली जात नाही. खाली आवळ्याच्या झाडांत एक लहानसे देऊळ आहे. तिथे कोणी डबे उघडले की म्हातारे रावजी गुरव काठी टेकत येतात आणि विचारतात, "स्वैपाक कुणी केलाय?"

त्या दिवशी तो मेघनाने केला होता. सासू, नवरा आणि दोन मुलांना ती उभ्यानेच पोळ्या वाढत होती.

"मग आधी तुम्ही बसा," रावजी म्हणाले. "बाकीच्यांनी हात थांबवा. इथली रीत आहे."

"ही बसेपर्यंत आम्ही उपाशीच राहू की हो," सासूबाई म्हणाल्या. रावजी हसले नाहीत. ते पायरीवर टेकले आणि सांगू लागले.

फार मागे, म्हणे, खालच्या गावातले कोंढरे दर कार्तिकात आवळीभोजनाला इथे येत. घराची कारभारीण भागीरथी. तिची सून सगुणा नवी होती, वर्षही झाले नव्हते लग्नाला. त्या दिवशी पुरुष जेवले, मुले जेवली, मग मोठ्या बायका जेवल्या. सगुणाचे पान वाढून झाकून ठेवले होते. बसण्याआधी कळशीभर पाणी आणते म्हणून ती बारीक धारेमागच्या कपारीकडे गेली, आणि आभाळ भरून आले. कार्तिकात असा पाऊस येत नाही, पण त्या वर्षी आला. मुलांना उचलून, भांडी टोपलीत कोंबून सगळे दोन बैलगाड्यांत चढले. पुढच्या गाडीला वाटले सगुणा मागे आहे, मागचीला वाटले पुढे आहे. नवऱ्याच्या मनात आले होते, पण वडीलधाऱ्यांसमोर बायकोची चौकशी करायची कशी, म्हणून तो गप्प राहिला.

घरी रात्रीची पाने मांडली, तेव्हाही कोणाला काही खटकले नाही. सगुणा शेवटी जेवायची, तिचे पान कधीच पंगतीत नसायचे.

भांडी काढायला म्हणून भागीरथीने टोपली उपसली, तर तळाशी झाकलेली पत्रावळ लागली. भात तसाच. वरच्या आवळ्याच्या फोडीलाही कोणी हात लावलेला नव्हता.

"सगुणा जेवली का?" तिने विचारले.

तिने मुलाकडे पाहिले आणि त्याच्या तोंडावरूनच तिला कळले.

पुरुषांनी लगेच गाडी जुंपली. भागीरथी कोणाचे न ऐकता पत्रावळ पदराखाली धरून गाडीत बसली. वाटेतले ओढे चढलेले, बैल पाण्याला बुजत होते. कड्याशी पोचेपर्यंत उजाडायला आले. अख्खा कडा पांढराफेक झाला होता, कपार कुठे होती तेही समजत नव्हते. हाका मारल्या तर मारणाऱ्यालाच ऐकू येईनात. थोड्या वेळाने पुरुषांनी हाका थांबवल्या आणि बांबूने डोह चाचपायला सुरुवात केली. ते पाहून भागीरथी तिथेच चिखलात बसली. तिने पत्रावळ उघडून पाण्यासमोर ठेवली.

"बाई, माझी सून दे," ती म्हणाली. "आजपासून माझ्या घरात पहिला घास तिचा. ती गिळेपर्यंत मी हात लावणार नाही."

आणि असे सांगतात की पाणी मधोमध फाटले.

"वरून शिळा निसटून मध्ये अडकली, असंही म्हणतात," रावजी म्हणाले. "काही का असेना. फाटलं."

कपारीत सगुणा उभी होती. रात्रभर भिंतीला पाठ लावून उभी, कडेवर भरलेली कळशी तशीच. मुलाने तिला हात धरून उतरवले. ओठ निळे पडलेले, पण सासूला पाहताच ती आधी बोलली, "आत्याबाई, सगळे जेवले ना?"

भागीरथीने भाताचा घास कालवला आणि सुनेच्या तोंडात घातला.

रावजी थांबले. मेघनाच्या सासूबाईंनी तिच्या हातातला डबा काढून घेतला, तिला बसवले आणि पान वाढून तिच्यापुढे ठेवले. मेघनाने घास उचलला. तोंडाशी नेता नेता तिची नजर चौघांच्या ताटांवरून फिरली.

"तुम्हाला भाजी पुरेल ना?" तिने विचारले.

"सगळ्या हेच विचारतात," रावजी म्हणाले.

आजही हेदवण्याच्या कड्याखाली राबणारीचा घास पहिला असतो. आणि आजही तो तिच्या घशाखाली उतरेपर्यंत बाकीची माणसे पुढ्यातल्या ताटांवर हात आवरून, तिच्याकडे बघत बसून राहतात.